खोकं आपलं, नकाशा कुणाचा?

"तुम्ही कॉम्प्युटरवाले, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच," असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि मी दोन दिवस विचारात पडलो. सोसायटीच्या इतिहासावर लिहायला माझ्यापेक्षा जाणती मंडळी आपल्याकडे आहेत. पाण्याच्या पहिल्या टँकरपासून लिफ्ट बदलण्यापर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मग लक्षात आलं, की या पंचवीस वर्षांत आपल्या प्रत्येक घरात एक वस्तू गुपचूप शिरली आणि तिचा इतिहास कुणीच कुणाला सांगितला नाही. टीव्हीच्या मागे किंवा शू-रॅकवर ठेवलेलं, दिवे मिचकावणारं ते खोकं, म्हणजे राउटर.

२००० साली आपण ताबा घेतला तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या वायरीतून येणारी कुरकुर होती. मुलगा नेटवर बसला की फोन एंगेज, आणि गावाहून फोन लागला नाही म्हणून आजी चिडलेली. २००५ च्या जानेवारीत सरकारी कंपन्यांचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरी ही खोकी आली. आज ते खोकं बंद पडलं तर शाळा, ऑफिस, बँक आणि आजीची मालिका, सगळंच बंद पडतं.

या लेखामागे आपल्याच सोसायटीच्या ऑफिसमधला एक प्रसंग आहे. त्यात मी थोडा फजीत झालो. तो शेवटी सांगतो. आधी इतिहास.

खोक्यात असतं काय?

आपल्या सोसायटीचा टपालाचा पत्ता एक, फ्लॅट मात्र अनेक. कुरिअरवाला गेटवर येतो, वॉचमन वही बघतो आणि पार्सल योग्य दारी पोचतं. राउटर हेच काम करतो. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा सहसा एकच पत्ता दिसतो. आत मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही असे दहा जण असतात. कुणी काय मागवलं याची वही राउटर ठेवतो आणि आलेलं ज्याचं त्याला देतो. नको तो माणूस आला तर त्याला गेटवरच थांबवतो.

हे सगळं करायला आत एक छोटा पण पुरा कॉम्प्युटर असतो. त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि कायमची साठवण असते. त्या साठवणीत कंपनीनं भरून दिलेली जी प्रणाली असते तिला फर्मवेअर म्हणतात. वॉचमननं कसं वागायचं याचे नियम त्यात लिहिलेले असतात. खोक्याचे पैसे आपण देतो, पण हे नियम आपल्याला वाचता येत नाहीत आणि बदलताही येत नाहीत.

जुन्या सभासदांना इथे एक गोष्ट आठवेल. बी विंगच्या भिंतीत गळती सुरू झाली तेव्हा प्लंबर म्हणाला, "पाइप कुठून गेलेत ते दाखवा, मग फोडतो." नकाशे बिल्डरकडे, आणि बिल्डर फोन उचलेना. इमारत आपली, कर्ज आपण फेडतोय, पण भिंतीच्या आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही! शेवटी अंदाजानं तीन ठिकाणी भिंत फोडली. राउटरची गोष्ट या भिंतीसारखीच आहे.

अडकलेला कागद

या गोष्टीची सुरुवात राउटरपासून होत नाही, एका प्रिंटरपासून होते. साल १९८० च्या आसपासचं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर असायचा, त्यात कागद अडकायचा आणि माणूस तासाभरानं खाली जाऊन बघायचा तर काहीच छापलेलं नसायचं. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम स्टॉलमनच्या हाती होता. कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जाईल, अशी सोय त्यानं त्यात करून ठेवली होती. मग झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला. त्याचा मूळ कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा प्रोग्राम, कंपनीनं दिला नाही. ज्या संशोधकाकडे तो होता त्यानं गुप्ततेचा करार केला होता, म्हणून त्यानंही नकार दिला.

आपण असतो तर चरफडून गप्प बसलो असतो. स्टॉलमननं १९८३ मध्ये सगळ्यांना वापरता, वाचता आणि बदलता येईल अशी प्रणाली बनवण्याची घोषणा केली. १९८९ मध्ये त्यानं त्यासाठी एक परवाना लिहिला, जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये आली. परवान्याचा गाभा सहकारी संस्थेच्या उपविधीसारखा आहे. माझा प्रोग्राम खुशाल वापरा, बदला, विकासुद्धा. पण तुमच्या वस्तूत घालून पुढे विकलात, तर घेणाऱ्याला मूळ कोड मिळालाच पाहिजे, आणि हेच हक्क त्यालाही मिळाले पाहिजेत. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स ही प्रणाली १९९१ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी तिला हाच परवाना लावला.

निळं-काळं खोकं

आता राउटर. तैवानहून अमेरिकेत आलेल्या व्हिक्टर आणि जेनी त्साव या दांपत्यानं १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात, घरच्या गॅरेजमध्ये एक कंपनी सुरू केली. तिचं नाव लिंकसिस. २००२ च्या अखेरीस या कंपनीनं डब्ल्यूआरटी ५४ जी हा घरगुती राउटर आणला. निळ्या तोंडाचा, काळ्या अंगाचा, मागे दोन अँटेना. आज कुणी राउटरचं चित्र काढलं तर बहुतेक तसंच काढेल. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये साठवण ४ एमबी आणि मेमरी १६ एमबी होती. आज मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा कधी कधी त्या साठवणीत मावणार नाही!

२००३ च्या मार्चमध्ये सिस्को या बड्या कंपनीनं लिंकसिस विकत घ्यायचं जाहीर केलं. किंमत सुमारे ५० कोटी डॉलर. त्याच जूनमध्ये अँड्र्यू मिक्लास या तरुणानं लिनक्स घडवणाऱ्यांना जाहीरपणे कळवलं, की या राउटरचं फर्मवेअर मी उघडून बघितलं आणि आत लिनक्स आहे. मग जीपीएलप्रमाणे द्यायचा मूळ कोड कुठाय?

गंमत अशी, की विकणाऱ्या कंपनीलाही बहुधा नीट ठाऊक नव्हतं. लिंकसिसनं चिप घेतली होती ब्रॉडकॉमकडून, आणि ब्रॉडकॉमनं सॉफ्टवेअरचं काम दिलं होतं तैवानच्या सायबरटॅन कंपनीला. आपल्या बांधकामात जसा बिल्डर, मग कॉन्ट्रॅक्टर, मग सब-कॉन्ट्रॅक्टर, आणि गळती झाली की सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार, तसंच हे. लिनक्स फुकट मिळतं म्हणून तळाच्या माणसानं ते वापरलं. त्याच्यासोबत येणारी अट वरपर्यंत कुणी कळवली नाही. ५० कोटी डॉलर मोजणाऱ्या सिस्कोच्या गळ्यात ती अट आपोआप येऊन पडली.

स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं पाठपुरावा केला, जगभरच्या प्रोग्रामरांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी लिंकसिसनं कोड खुला केला. वाद मात्र तिथे संपला नाही. अशाच तक्रारींवरून फाउंडेशननं २००८ च्या डिसेंबरमध्ये सिस्कोवर दावा लावला आणि २००९ मध्ये तडजोड झाली.

अर्थात नकाशा पुरा हाती आला नव्हता. वायफायच्या चिपला चालवणारा ब्रॉडकॉमचा भाग बंदच राहिला. त्यामुळे या राउटरवर काम करणाऱ्यांना पुढे बराच काळ लिनक्सच्या जुन्या आवृत्तीला चिकटून राहावं लागलं. भिंतीतले पाण्याचे पाइप कळले, वायरिंग कळलं नाही, असं समजा.

लोकांनी काय केलं

कोड हाती येताच हौशी मंडळी कामाला लागली. काहींनी त्याआधीच चोरवाट शोधली होती. राउटरच्या सेटिंगमध्ये लाइन तपासायचं एक पान असे. तिथल्या चौकटीत पत्त्याऐवजी युक्तीनं आज्ञा लिहिली, की राउटर ती मुकाट्यानं पाळायचा! ही खरं तर चूक होती, पण तिनं बऱ्याच जणांना आत डोकावू दिलं.

बहुतेकांनी कंपनीच्याच फर्मवेअरमध्ये दोनचार सोयी वाढवल्या. एका गटानं तर वर्गणी घेऊन सुधारलेलं फर्मवेअर वाटलं आणि त्यावरून भांडणं झाली. त्याच्यापासून वेगळं होऊन २००५ मध्ये डीडी-डब्ल्यूआरटी निघालं. जर्मनीच्या सेबास्टियन गोटशाल यांनी ते चालवलं.

२००४ च्या जानेवारीत सुरू झालेल्या ओपन-डब्ल्यूआरटी या प्रकल्पाचा विचार मात्र वेगळा होता. त्यांनी कंपनीच्या फर्मवेअरची डागडुजी सोडून दिली आणि राउटरसाठी एक छोटी, स्वच्छ लिनक्स प्रणाली उभी केली. ज्याला जे हवं ते पॅकेज त्यानं नंतर बसवावं, नको ते काढावं. म्हणजे फर्निचरसकट फ्लॅट घेण्याऐवजी रिकामा फ्लॅट घ्यायचा आणि आपल्या सोयीनं सजवायचा. सुरुवातीच्या आवृत्त्यांना त्यांनी कॉकटेलची नावं दिली, आणि राउटरमध्ये शिरलं की पडद्यावर त्या कॉकटेलची कृतीही दिसायची.

कंपनीनं काय केलं? २००५ च्या अखेरीस लिंकसिसनं त्याच राउटरची नवी आवृत्ती काढली. तिची मेमरी आणि साठवण निम्मी केली आणि लिनक्स काढून दुसरी बंद प्रणाली घातली. खर्च वाचला, पण हौशी गिऱ्हाईक नाराज झालं. म्हणून जुन्या ताकदीचं, लिनक्सवरचं मॉडेल डब्ल्यूआरटी ५४ जीएल या वेगळ्या नावानं विकायला काढलं. ते पुढे कितीतरी वर्षं खपत राहिलं. ज्या कोडसाठी कंपनीला दामटावं लागलं, त्यानंच तिच्या मालाला आयुष्य दिलं.

धरमशालेच्या डोंगरावर

आपल्या देशातही या खोक्यानं एक मोठं काम केलं आहे. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात घराबाहेरही वायफाय वापरायला परवान्याची अट काढली. लगेच फेब्रुवारीत हिमाचल प्रदेशातल्या धरमशालेत, तिबेटी निर्वासितांच्या वस्तीत, बिनतारी जाळं उभं राहिलं. महिना संपायच्या आत आठ आवारं जोडली गेली. साहित्य कुठलं? तेच घरगुती लिंकसिस राउटर. त्यांत फेरफार करून, पाऊसपाणी सोसेल अशा डब्यांत बसवून, ओपन-डब्ल्यूआरटीवर आधारलेलं फर्मवेअर घातलेलं. एक राउटर दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला निरोप देई, आणि डोंगरकपारीतल्या शाळा-संस्था एकमेकींशी बोलू लागल्या. वीज, पाऊस, अँटेनांवर लोंबकळणारी माकडं, या सगळ्याला तोंड देत.

कंपनीनं तो राउटर एका घरासाठी बनवला होता. त्याचे नियम बदलता आले, म्हणून तो एका वस्तीच्या कामी आला. बर्लिनमध्येही फ्रायफुंक या नावानं नागरिकांनी अशीच जाळी विणली.

भांडण आणि समेट

सोसायटी म्हटली की भांडण आलंच. ओपन-डब्ल्यूआरटीतही झालं. २०१६ च्या मे महिन्यात काम करणाऱ्यांपैकी एका मोठ्या गटानं वेगळी चूल मांडली आणि नव्या प्रकल्पाला लीड असं नाव दिलं. तक्रारी वाचल्या तर आपल्या वार्षिक सभेची आठवण होते. निर्णय कसे होतात ते कळत नाही, नव्या माणसांना जागा मिळत नाही, व्यवस्था भरवशाची नाही.

दीड-एक वर्षात दोघांनाही उमगलं, की दोन किचन परवडणार नाहीत. २०१८ च्या जानेवारीत समेट जाहीर झाला. नाव जुन्या घराचं राहिलं, नियम नव्या घराचे लागू झाले. मला हा समेट फार आवडतो. दोघांनीही थोडं सोडलं आणि काम पुढे गेलं.

याच काळात एक बाहेरचं संकटही आलं. वायफायच्या काही लहरी विमानतळाजवळच्या हवामान रडारच्या पट्ट्यात येतात. म्हणून राउटरची रेडिओ ताकद कुणी वाटेल तशी बदलू नये, असं अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचं म्हणणं. ते रास्तच होतं, पण २०१५ मध्ये त्यांच्या कागदपत्रांत डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव घेऊन असं फर्मवेअर कसं रोखणार, अशी विचारणा झाली आणि कंपन्या पुरं खोकंच कुलूपबंद करतील अशी भीती पसरली. इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जाणारे विंट सर्फ यांच्यासह अनेकांनी निवेदन दिलं. नियामकानं खुलासा केला. २०१६ मध्ये टीपी-लिंक या कंपनीला रेडिओच्या नियमभंगाबद्दल दोन लाख डॉलर भरावे लागले, पण त्याच तडजोडीत खुल्या फर्मवेअरला वाट करून देण्यासाठी प्रयत्न करायचंही तिनं मान्य केलं.

गर्दीची लिफ्ट

"हे सगळं ठीक, पण आम्हाला काय उपयोग?" असं तळमजल्यावरचे काका विचारतीलच. एकच उदाहरण देतो. घरात कुणी मोठी फाइल पाठवायला लागलं की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. स्पीड भरपूर असूनही! कारण राउटर येईल ते सगळं एका लांब रांगेत उभं करत बसतो. सामान शिफ्ट करणाऱ्यानं लिफ्टसमोर तीस खोकी लावली, आणि दूधवाल्यालाही त्यांच्या मागे उभं राहावं लागलं, तसं. जिम गेटिस यांनी २०१० मध्ये हा दोष जगासमोर मांडला. २०१२ मध्ये व्हॅन जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी रांग आटोक्यात ठेवायची पद्धत दिली. एरिक ड्युमाझे यांनी तिला जोड दिली, की प्रत्येकाची रांग वेगळी आणि छोट्या कामाला लगेच वाट. हा उपाय प्रत्यक्ष घरगुती राउटरवर घासूनपुसून बघितला गेला तो ओपन-डब्ल्यूआरटीवरच. तिथे बदल करायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आपल्या ऑफिसचं खोकं

आता तो प्रसंग. आपल्या सोसायटी ऑफिसमधला राउटर चांगला चालू होता, पण कंपनीनं त्याचे अपडेट बंद केले होते. म्हणजे नवी चोरवाट सापडली तरी कंपनी ती बुजवणार नाही. २०१८ मध्ये असल्याच भोकांतून चोपन्न देशांतल्या निदान पाच लाख उपकरणांत, मुख्यतः राउटरांत, एक घातक प्रोग्राम शिरला होता. त्यावर भर म्हणजे आपले सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय एकाच जाळ्यावर, आणि पासवर्ड नोटीस बोर्डावर! कमिटी म्हणाली, नवा घेऊ. मी म्हटलं, आठ दिवस द्या.

पाठीमागच्या स्टिकरवरचं मॉडेल आणि व्हर्जन ओपन-डब्ल्यूआरटीच्या यादीत ताडून पाहिलं. नाव तेच असून व्हर्जन वेगळं असेल तर आतला माल वेगळा असू शकतो, हे विसरू नका. फाइल उतरवली, ती धड उतरली का तपासलं आणि चढवायला लावली. "या वेळी वीज जाता कामा नये," असं मी सेक्रेटरींना ऐटीत सांगतोय, तेवढ्यात लिफ्टवाल्यानं कामासाठी मेन स्विच पाडला.

राउटर मेला. एकच दिवा, तोही निर्जीव. सोसायटीची वस्तू माझ्या हातून गेली होती. जेवण गोड लागलं नाही. रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं, की बऱ्याच राउटरांत सुरुवातीचा एक छोटा प्रोग्राम वेगळा राखलेला असतो. रिसेटचं बटण दाबून धरत वीज दिली, की तो वायरीनं जोडलेल्या कॉम्प्युटरकडे नवी फाइल मागतो. तिसऱ्या प्रयत्नात दिवे लागले. तेव्हा एक वाजला होता, आणि सौभाग्यवतींनी मला अंधारात एकटाच हसताना पाहिलं.

पुढे सगळं छान झालं. कॅमेरे वेगळ्या जाळ्यावर, पाहुणे वेगळ्या, अपडेट वेळच्या वेळी. मी शेफारलो. आणि मग मी महिनाभर मुलीकडे गेलो असताना ऑफिसचं नेट बंद पडलं. पासवर्ड माझ्याकडे, सेटिंग माझ्या डोक्यात, माझा फोन रेंजबाहेर. दोन दिवस कॅमेरे आंधळे होते. परत आलो तेव्हा सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "काका, नकाशे न देणारे बिल्डर आता तुम्हीच झालात."

शब्द लागले, कारण खरे होते. कोड सगळ्या जगाला खुला, आणि माझ्याच सोसायटीला बंद! त्या आठवड्यात मी चार पानं लिहिली. कुठली वायर कुठे जाते, काय कशासाठी केलंय, बिघडलं तर क्रमानं काय करायचं. पासवर्ड सीलबंद पाकिटात घालून दिला. ए विंगमधल्या दोन कॉलेजच्या मुलींना समोर बसवून सगळं त्यांच्या हातानं करून घेतलं. आता अपडेट त्याच करतात आणि माझ्या चुकाही काढतात.

सगळ्यांनी हे घरी करावं असं मी म्हणणार नाही. फायबर कंपनीनं दिलेला डबा बहुतेक वेळा त्यांच्याच मालकीचा असतो, त्याला हात लावू नये. अगदी जुन्या खोक्यांत नव्या आवृत्त्या मावत नाहीत. मूळ निळा-काळा राउटरही आता त्यांत बसत नाही. मात्र नवं खोकं घेताना ते यादीत आहे का, एवढं जरूर बघा. २०२४ च्या अखेरीस तर वीस वर्षं पुरी केलेल्या या प्रकल्पानं ओपन-डब्ल्यूआरटी वन हा स्वतःचाच राउटर बाजारात आणला. त्याची प्रणाली दोन वेगळ्या साठवणींत ठेवली आहे. एक बिघडली तर दुसरीवरून राउटर पुन्हा उभा करता येतो. लिफ्टवाल्यानं स्विच पाडला तरी चिंता नको.

ती चार पानं सोसायटीच्या कपाटात, वरच्या खणात, हिरव्या फायलीत आहेत. बी विंगची भिंत फोडल्यावर आपण स्वतः काढून घेतलेला पाइपांचा नकाशाही त्याच फायलीत लावला आहे. ऑफिसच्या वेळेत कुणीही सभासदानं मागून बघावा. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!